घरगुती पॉवर बँक आणि ‘करंट’ हा शब्द

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आठ दिवस वर्गात आला नाही. नवव्या दिवशी आला तो थेट विभागात. एका हातात साबणाची प्लॅस्टिकची डबी, तिच्यातून बाहेर आलेल्या दोन तारा आणि दुसऱ्या हातात बंद पडलेला फोन. “सर, थोडा करंट वाढवलो आणि फोन गेला की हो,” एवढेच तो म्हणाला.

हा मुलगा खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडचा, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचा. तिकडे पावसाळ्यात रानातून आलेल्या विजेच्या तारांवर झाड पडले की एक-दोन दिवस गावात वीज नसते. घरात फोन एकच. गोव्यात हॉटेलात काम करणारा थोरला भाऊ त्याच फोनवर बोलणार, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी त्याच फोनवर येणार, आणि आमच्या वर्गाच्या टिपणांचे फोटोही त्याच फोनमध्ये. म्हणून त्याने जुन्या लॅपटॉपमधले दोन सेल, एक चार्जिंगची पट्टी आणि एक बूस्टर शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून घेतले आणि घरीच पॉवर बँक जोडली. दुरुस्तीवाल्याने कागदावर सूचना लिहून दिल्या होत्या. त्यांतली शेवटची अशी : ‘चार्जिंग हळू झाले तर स्क्रू फिरवून करंट वाढव.’

चार्जिंग हळूच होत होते. त्याने स्क्रू फिरवला. आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी ती डबी मीटरला लावून पाहिली, तेव्हा जिथे ५ व्होल्ट हवेत तिथे ११.६ व्होल्ट निघाले. त्या स्क्रूने करंट वाढत नाही, व्होल्टेज वाढते. दुरुस्तीवाल्याला काम येत होते, मुलाने सूचना तंतोतंत पाळली होती, आणि तरीही फोन जळला. मधल्या एका शब्दाने दोघांनाही फसवले होते.

मी साहित्याचा प्राध्यापक, तंत्रज्ञ नव्हे. पण हा शब्दाचा प्रश्न आहे म्हटल्यावर मला तो सोडवेना. त्यानंतर त्या सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली मी आणि काही विद्यार्थी यांनी अशा तीन पॉवर बँका बनवल्या आणि प्रत्येक वेळी मराठीत कृती लिहून काढली. त्या कृतीतले मुख्य टप्पे आणि त्यांमागची कारणे या लेखात देत आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. सगळे सामान नीट घेतले तर घरी बनवलेली पॉवर बँक विकतच्यापेक्षा स्वस्त पडत नाही, आणि रोजच्या वापराला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण असलेली विकतचीच बरी. घरी बनवायची ती समजून घेण्यासाठी.

एक शब्द, पाच अर्थ

पुण्यात लाईट जाते, पुस्तकात वीजपुरवठा खंडित होतो, आणि आमच्या बेळगावात करंट जातो. कन्नड शेजाऱ्यांच्या तोंडीही हाच शब्द आहे, त्यामुळे तो आमच्या बोलीत पक्का रुजला आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तो किती ठिकाणी राबतो ते पाहावे. ‘करंट गेला’ म्हणजे पुरवठा थांबला. ‘करंट बसला’ म्हणजे विजेचा झटका लागला. ‘करंट कमी-जास्त होतोय’ म्हणजे दिवा मंद-प्रखर होतो आहे, अर्थात व्होल्टेज बदलते आहे. ‘बॅटरीत करंट उरला नाही’ म्हणजे साठा संपला. आणि तारेतून करंट वाहतो, तो खरा शास्त्रातला करंट. घरात बोलताना या पाचांत गोंधळ होत नाही, कारण प्रसंगावरून अर्थ कळतो. कागदावरच्या सूचनेला मात्र असा प्रसंग सोबतीला नसतो.

म्हणून कृती लिहिण्याआधी आम्ही चार शब्द ठरवले. ते समजायला गच्चीवरची पाण्याची टाकी पुरेशी आहे.

टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला दाब. विजेतला असा दाब म्हणजे व्होल्टेज. पाठ्यपुस्तकातला शब्द विभवांतर. एकक व्होल्ट, इटलीच्या व्होल्टाच्या नावावरून. नळातून दर मिनिटाला किती पाणी येते तो प्रवाह. पाठ्यपुस्तकात विद्युतधारा, एकक अँपिअर, फ्रान्सच्या अँपिअरच्या नावावरून. टाकीत एकूण किती पाणी मावते तो साठा. दुकानात ‘दहा हजार एमएएच’ म्हणतात तो हाच, मिलिअँपिअर-तासांत मोजलेला. आणि पाण्याने एकूण किती काम होईल हे साठा आणि उंची या दोन्हींवर अवलंबून असते. ती ऊर्जा, वॉट-तासांत मोजलेली. साठ्याला व्होल्टेजने गुणले की ऊर्जा मिळते.

आमच्या कृतीत ‘करंट’ हा शब्द एकदाही वापरायचा नाही, असे आम्ही ठरवले. तो चुकीचा आहे म्हणून नव्हे, तर त्याला आधीच फार कामे आहेत म्हणून.

सेल आणि बॅटरी

मराठीत ‘बॅटरी मार’ म्हटले की हातातला विजेचा दिवा पेटतो. इंग्रजीत हा शब्द आधी तोफांच्या रांगेसाठी होता. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या ओळीने जोडल्या आणि त्या संचाला तोफखान्याचाच शब्द लावला. म्हणजे बॅटरी हा मुळात समूह आहे आणि त्यातला एकेक नग म्हणजे सेल. पाठ्यपुस्तकात त्याला विद्युतघट म्हणतात. हा भेद आपल्याला लागणार आहे, कारण सेल एकमेकांना कसे जोडले यावर सगळे ठरते.

पॉवर बँकेसाठी आम्ही वापरला तो १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल. हा आकडा म्हणजे त्याचे माप आहे : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य गोल नळीच्या आकाराची खूण. लिथियम-आयन सेल १९९१ साली बाजारात आला आणि त्यामागच्या संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या सेलचे सरासरी व्होल्टेज ३.६ ते ३.७. पूर्ण भरला की ४.२, आणि वापरता वापरता ३च्या आसपास आला की तो रिकामा समजायचा. चांगल्या कंपनीच्या सेलचा साठा साधारण २००० ते ३५०० मिलिअँपिअर-तास असतो. वेष्टनावर ९९०० छापलेला सेल दिसला, तर तो आकडा खोटा आहे एवढे निश्चित समजावे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. घड्याळातल्या साध्या सेलप्रमाणे इथेही एक टोक अधिक आणि एक उणे. मात्र १८६५०ची संपूर्ण धातूची नळी, अगदी वरच्या कडेपर्यंत, उणे असते. अधिक टोकाच्या भोवती जेमतेम एक-दोन मिलिमीटरवर उणे कडा असते आणि मध्ये केवळ एक चकती व पातळ वेष्टन असते. वेष्टन फाटलेला सेल वापरू नये, त्याचे कारण हे.

डबीत काय असते

घरगुती पॉवर बँकेत सेलखेरीज दोन मुख्य भाग लागतात, आणि त्यांची कामे एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला भाग चार्जिंगची पट्टी. बाजारात टीपी ४०५६ या चिपची पट्टी सहज मिळते. बाहेरून आलेल्या ५ व्होल्टमधून सेलला बेताने भरणे हे तिचे काम. घागर भरताना आपण आधी नळ पूर्ण सोडतो आणि काठाशी आल्यावर धार बारीक करतो, तसेच ती करते. सेल ४.२ व्होल्टला पोचेपर्यंत १ अँपिअरचा ठरावीक प्रवाह, मग व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह कमी कमी करत न्यायचा, आणि तो दहाव्या हिश्श्यावर आला की थांबायचे. या पट्टीचे दोन प्रकार मिळतात. एकात संरक्षणाची चिप असते, दुसऱ्यात नसते. संरक्षण असलेल्या पट्टीवर ‘बी’ खुणेची दोन टोके आणि ‘आउट’ खुणेची दोन टोके, अशी चार असतात. तीच घ्यावी. सेल प्रमाणाबाहेर भरला, फार रिकामा झाला किंवा अधिक-उणे एकमेकांना चिकटून शॉर्ट झाले, तर ती वाट तोडते.

दुसरा भाग बूस्टर. सेलचे ३.७ व्होल्ट फोनला लागणाऱ्या ५ व्होल्टपर्यंत चढवणे हे त्याचे काम. याचेही दोन प्रकार. एक कायम ५ व्होल्ट देणारा, यूएसबीचे तोंड असलेला. दुसरा, बारीक स्क्रू फिरवून व्होल्टेज बदलता येणारा. त्यातला एक फार प्रचलित प्रकार २८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. आमच्या विद्यार्थ्याकडे हाच होता. नवशिक्याने कायम ५ व्होल्टचाच घ्यावा.

मग त्याचे चार्जिंग मुळात हळू का होत होते? याचे उत्तर मला सगळ्यात रंजक वाटले. चार्जर फोनमध्ये प्रवाह ढकलत नाही, फोन स्वतः हवा तेवढा घेतो. आणि किती घ्यायचा हे ठरवण्याआधी तो समोरच्याची विचारपूस करतो. यूएसबीच्या जुन्या चौकोनी तोंडात चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. मधल्या दोन एकमेकींना जोडलेल्या आढळल्या, तर ‘हा चार्जर आहे’ असे फोन समजतो आणि दीड अँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकतो. त्या मोकळ्या असतील, तर बहुतेक फोन सावध राहून साधारण अर्धाच अँपिअर घेतात. मुलाच्या डबीत मधल्या पट्ट्या मोकळ्या होत्या. उपाय दोन मिलिमीटरच्या तारेचा होता. तो स्क्रूने होण्यासारखा नव्हता.

याशिवाय लागणारे सामान असे : दोन सेलचा, समांतर जोडणीचा होल्डर, एक सरकते बटण, ४ अँपिअरची वितळतार, म्हणजे फ्यूज, तांबड्या आणि काळ्या रंगाच्या जाड तारा, मल्टिमीटर, झाळायचे सामान, आणि प्लॅस्टिकची डबी. डबी धातूची नको. आतली एखादी तार सुटून पत्र्याला टेकली की पत्राच वाट होतो.

जोडणीचा क्रम

आधी सेल मोजावेत. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, नवे असावेत. दोघांच्या व्होल्टेजमधला फरक ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त नसावा. समांतर जोडणी म्हणजे एकाच पातळीवरच्या दोन टाक्या तळाशी नळाने जोडणे. एक भरलेली आणि एक रिकामी असेल, तर जोडताक्षणी भरलेलीतले पाणी रिकामीत धावते. सेलमध्ये तो लोंढा धोक्याचा.

सेल बाजूला ठेवावेत. झाळकाम पुरे होईपर्यंत ते होल्डरमध्ये घालू नयेत. सेलच्या टोकांवर थेट झाळू तर कधीच नये. झाळायच्या कावियाचे टोक साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि त्या उष्णतेने सेलच्या आतले पातळ पडदे बिघडतात. होल्डर वापरायचा तो यासाठीच.

झाळताना आमच्या विद्यार्थ्यांना एक जुनी गोष्ट उपयोगी पडली. भांड्याला कल्हई करणारा आधी भांडे तापवतो, नवसागर टाकतो, मग कथील फिरवतो. नवसागराने तांब्या-पितळेवरचा मळ सुटतो आणि कथील धरते. इथेही क्रम तोच आहे. फक्त नवसागराऐवजी राळ वापरतात, कारण नवसागर पुढे तारा खातो. आधी तारेच्या उघड्या टोकाला कथिलाचा हात द्यावा, मग पट्टीवरच्या जागेला द्यावा, आणि शेवटी दोन्ही एकत्र तापवून जोडावे. सांधा चकचकीत आणि तारेला बिलगलेला दिसला पाहिजे. गोळीसारखा वर बसलेला सांधा कच्चा. तांबट ज्याला डाख लावणे म्हणतात तेच हे काम आहे आणि हा शब्द आपल्याकडे तयार आहे.

आता जोडणी. होल्डरच्या अधिक टोकाची तांबडी तार वितळतारेतून पट्टीवरच्या ‘बी अधिक’ला. होल्डरच्या उणे टोकाची काळी तार ‘बी उणे’ला. ‘आउट अधिक’पासून बटणातून बूस्टरच्या आत जाणाऱ्या अधिक टोकाला. ‘आउट उणे’पासून बूस्टरच्या आत जाणाऱ्या उणे टोकाला.

इथे दुसरा सापळा आहे. बूस्टर ‘आउट’ऐवजी ‘बी’ला जोडला तरी सगळे चालू होते, फोनही चार्ज होतो. पण मग संरक्षणाची चिप वाटेतून वगळली जाते आणि सेल तळापर्यंत उपसला जाऊ शकतो. चालते म्हणजे बरोबर आहे, असा समज या कामात ठेवू नये.

सेल घालण्याआधी मीटरने तपासावे की अधिक आणि उणे कुठेही एकमेकांना चिकटलेले नाहीत. मग अधिक-उणे पाहून एक सेल घालावा. उलटा घातला तर पट्टी त्याच क्षणी जळते. ‘आउट’च्या दोन टोकांवर सेलइतकेच व्होल्टेज दिसले पाहिजे. शून्य दिसले तर घाबरू नये. संरक्षणाची चिप कधी कधी पहिल्यांदा बाहेरचा चार्जर लावल्याशिवाय जागी होत नाही. त्यानंतर बटण चालू करून बूस्टरच्या तोंडाशी मोजावे. ५ ते ५.२ व्होल्ट असावेत. मग दुसरा सेल घालावा.

पहिली चाचणी फोनवर करू नये. यूएसबीचा लहान दिवा किंवा पंखा लावून वीस मिनिटे चालू ठेवावा आणि अधूनमधून हात लावून पाहावे. सेल कोमटच राहिले पाहिजेत. बूस्टर थोडा तापतो. चार्जिंगची पट्टी सेल भरताना बरीच तापते, कारण जास्तीचे व्होल्टेज ती उष्णतेत घालवते. म्हणून ती सेलपासून दूर बसवावी आणि डबीला चार भोके ठेवावीत. सेल भरत असताना फोन लावू नये, कारण सेल भरला की नाही याचा पट्टीचा अंदाज त्याने चुकतो. काम झाले की बटण बंद करावे. फोन नसतानाही बूस्टर थोडी वीज खात राहतो.

आकड्यांचा हिशेब

दोन सेल प्रत्येकी २६०० मिलिअँपिअर-तासांचे घेतले, तर समांतर जोडणीत साठा ५२०० होतो, व्होल्टेज ३.७च राहते. ऊर्जा झाली ५.२ गुणिले ३.७, म्हणजे सुमारे १९.२ वॉट-तास. बूस्टर काही ऊर्जा उष्णतेत घालवतो. ८५ टक्के पुढे जाते असे धरले तर १६.३ वॉट-तास उरतात. त्याला ५ने भागले की ५ व्होल्टवरचा साठा मिळतो : साधारण ३२७० मिलिअँपिअर-तास.

म्हणजे आत ५२०० आणि बाहेर ३२७०. यात कुणी चोरी केलेली नाही. पाणी जास्त उंचीवर चढवायचे तर त्याच कष्टात कमी पाणी चढते, इतकेच. विकतच्या पॉवर बँकेवर छापलेला मोठा आकडाही बहुधा आतल्या सेलचा असतो आणि खाली बारीक अक्षरांत ५ व्होल्टवरचा आकडा दिलेला असतो. आपल्या घरच्या पॉवर बँकेवरचे हे दोन आकडे विद्यार्थ्यांना शोधायला सांगावेत.

आजच्या फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची, ३.८५ व्होल्टची धरली, तर तिची ऊर्जा सुमारे १९.२ वॉट-तास. फोनच्या आतही थोडी ऊर्जा वाया जाते. तेव्हा आपली डबी एक रिकामा फोन साधारण पाऊण भरेल. आणि ती डबी स्वतः भरायला १ अँपिअरने पाच-सहा तास लागतील. ‘एक दिवस चालेल’ असे मोघम म्हणण्यापेक्षा हा हिशेब मांडलेला बरा.

धोका कुठे आहे

लॅपटॉपमधून काढलेले जुने सेल फुकट किंवा स्वस्त मिळतात, हा मोठा मोह असतो. त्यांतले काही चांगले असतातही. पण जो सेल दीर्घकाळ २ व्होल्टच्या खाली पडून राहिला, त्याच्या आतल्या तांब्याच्या पापुद्र्यातले तांबे विरघळू लागते. तो पुन्हा भरायला घेतला की तेच तांबे नको तिथे साचते आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. बाहेरून सेल अगदी धडधाकट दिसतो. मीटरशिवाय हे कळत नाही, म्हणून विद्यार्थ्यांच्या कामात आम्ही जुने सेल पूर्ण वर्ज्य केले.

शॉर्ट, अतिभरण, ठेचणे, छिद्र पडणे किंवा बाहेरची उष्णता यांपैकी कशानेही आतला पडदा फाटला की सेल स्वतःच तापू लागतो. त्या उष्णतेने आतल्या रासायनिक क्रिया आणखी वेग घेतात, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि आतले द्रव ज्वालाग्राही असल्यामुळे ते पेटते. सेल फुगला, गोडसर रासायनिक वास आला, फुसफुस आवाज झाला किंवा हाताला चटका बसला, तर तारा सोडवत बसू नये. सर्वांना लांब करावे, धूर श्वासात जाऊ देऊ नये. पेट घेतलाच तर लांबून भरपूर पाणी ओतून थंड करावे. चाचणीच्या वेळी आम्ही पाण्याची आणि वाळूची अशा दोन बादल्या जवळ ठेवतो.

भरताना डबी अंथरुणावर, उशीखाली किंवा बंद गाडीत ठेवू नये. रात्री झोपताना चार्जिंगला लावू नये. निकामी सेल कचऱ्यात टाकू नयेत, कारण कचऱ्याच्या गाडीत ते दाबले जाऊन पेटतात. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असे सेल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांवर चिकटपट्टी लावून ते ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावेत.

वर्गातला अनुभव

या कामाचा माझ्या विषयाशी काय संबंध, असे एका सहकाऱ्याने विचारले. आम्ही वर्गाचे दोन गट केले होते. एका गटाने कृती लिहायची, दुसऱ्याने फक्त कागद वाचून जोडणी करायची. तोंडाने काही सांगायचे नाही, आणि खऱ्या सेलच्या जागी त्याच मापाचे लाकडी तुकडे. पहिला कागद घेऊन बसलेल्या गटाने दहा मिनिटांत तीन चुका केल्या, आणि तिन्ही चुका लिहिणाऱ्यांच्या निघाल्या.

‘तार वरच्या टोकाला जोडा’ असे वाक्य होते. वरचे म्हणजे कुठले? होल्डर फिरवला की वरचे खाली जाते. तिथे ‘अधिक’च लिहायला हवे. ‘बूस्टर बॅटरीला जोडा’ असे होते. वाचणाऱ्याने तो ‘बी’ला जोडला, कारण बॅटरीचा ‘बी’ असे त्याला वाटले. तिसरी चूक आपल्या भाषेच्या घडणीतली आहे. वाक्य होते : ‘होल्डरमध्ये सेल घालून मग तारा झाळू नयेत.’ मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही शेवटी. वाक्याचा पूर्वार्ध वाचता वाचता मुलीने तुकडे होल्डरमध्ये घातलेदेखील. गोष्ट सांगताना ही घडण फार उपयोगाची आहे, कारण निकाल शेवटपर्यंत राखून ठेवता येतो. धोक्याच्या सूचनेत मात्र तो राखून चालत नाही. आम्ही ते वाक्य तोडून लिहिले : ‘सेल अजून घालू नका. आधी सर्व तारा झाळा.’

शब्दांच्या बाबतीतही अनुभव असाच आला. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांतले शब्द घ्यावेत की दुकानातले, यावर वर्गात बरीच चर्चा झाली. शेवटी आम्ही प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारला : हा ऐकून दुरुस्तीवाला आणि विद्यार्थी एकाच वस्तूवर बोट ठेवतील का? या कसोटीवर ‘व्होल्टेज’, ‘सेल’ आणि ‘बूस्टर’ राहिले. ‘विद्युतधारे’ऐवजी ‘प्रवाह’ आला. ‘वितळतार’ मुलांना एका वाचनात कळली, कारण ती काय करते ते तिच्या नावातच आहे. ‘झाळणे’ आणि ‘डाख’ हे शब्द दोन विद्यार्थ्यांच्या आजोबांकडून परत आले. ‘करंट’ गेला तो फक्त या कागदापुरता. बोलीतून त्याला कुणी काढलेले नाही.

भाषेच्या शिक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे, की निबंध आणि रसग्रहणाबरोबर विद्यार्थ्यांकडून एखादी कृतीही लिहून घ्यावी, आणि ती दुसऱ्याच्या हातून करून पाहावी. पॉवर बँकच हवी असे नाही. प्रेशर कुकरची शिट्टी साफ करण्याची कृतीही चालेल. सेल आणि झाळकाम यांची कृती असेल, तर विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत घेतल्याशिवाय करू नये. आपले वाक्य वाचून दुसऱ्याचा हात नेमका कुठे जातो, हे समोर पाहिले की शब्द निवडण्याची जबाबदारी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्या विद्यार्थ्याचा फोन दुरुस्त झाला नाही. भावाने गोव्याहून जुना फोन पाठवला तो तीन आठवड्यांनी. तोवर घरचे निरोप गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर येत होते, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज त्या वर्षी राहून गेला. पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्याने आमच्याबरोबर नवी डबी बनवली, नव्या सेलची. बूस्टर मात्र त्याने जुनाच घेतला. नवा घ्यायला त्याच्याकडे पैसे होते, पण हाच नीट लावून दाखवायचा, असा त्याचा हट्ट होता. सहकाऱ्यांसमोर मीटर लावून त्याने ५.१ व्होल्टवर स्क्रू आणला, मधल्या दोन पट्ट्या तारेने जोडल्या, बहिणीची नेलपॉलिश लावून स्क्रू कायमचा बसवला आणि डबीच्या झाकणावर आतून कागद चिकटवला. त्यावर त्याच्या अक्षरात दोन वाक्ये आहेत : ‘हा स्क्रू व्होल्टेजचा आहे. फिरवू नका.’